कालव्यावरचा कठडा आणि अब्बांची स्तुतिपत्रं

आमचे अब्बा टेलर. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, त्या फाट्यावरच्या गावात त्यांचं दुकान. शाळेचे गणवेश तेच शिवत आणि सभापतींचे पांढरे झब्बेही तेच शिवत. सभापती म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. पद जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण आमच्याकडे एकदा सभापती झालेला माणूस जन्मभर सभापतीच राहतो.

त्यांच्या मापाचा कागद भिंतीवर लटकत असे आणि त्याच भिंतीखाली बसून अब्बा बारामतीच्या एका साप्ताहिकाला त्यांच्याबद्दल पत्रं लिहीत. म्हणजे सांगायचे ते, लिहायची मी. मी नववीत होते आणि माझं अक्षर बरं होतं. अब्बांचे पाय मशीनवर, मी समोरच्या बाकड्यावर वही घेऊन. मशीन चालू असेपर्यंत वाक्य चालू, मशीन थांबलं की पूर्णविराम.

प्रत्येक पत्रात सभापतींची स्तुतीच असे. गावच्या टाकीत पाणी न सोडता त्यांनी टाकीचं आयुष्य वाढवलं, याबद्दल गाव ऋणी आहे. एसटी थांब्याचं उडालेलं छप्पर परत न बसवून त्यांनी प्रवाशांना कोवळ्या उन्हाची सोय करून दिली. मी लिहिता लिहिता हसून लोटपोट व्हायची. अब्बा मात्र स्वतःच्या विनोदाला कधी हसले नाहीत. पत्राखाली नाव, गाव सगळं खरं. मला भीती वाटायची. टोपणनाव घ्या म्हटलं तर म्हणायचे, "स्तुती करायला कशाला लपायचं?"

शाळेच्या वाटेवर कालव्याचा पूल आहे. एका हंगामात उसाच्या ट्रॉलीनं त्याचा एका बाजूचा कठडा पाडला. अब्बांनी ग्रामपंचायतीत तीन अर्ज दिले. माझा धाकटा भाऊ तेव्हा पहिलीत होता. एक दिवस तो एकाच चपलेवर घरी आला. पुलावर मागून ट्रॅक्टर आला, हा कडेला सरकला, पाय घसरला. मागच्या पोरीनं दप्तर धरून ओढला म्हणून वाचला. अम्मीनं त्याला पोटाशी धरलं आणि अब्बांकडे नुसतं बघितलं.

संध्याकाळी पत्र झालं. "पुलाचा कठडा वर्षभर न बांधून सभापतींनी आमच्या मुलांना तोल सांभाळायला शिकवलं आहे. पोहणं तर आता आपोआपच येईल. एवढी दूरदृष्टी असलेला नेता दुसऱ्या गावांना कुठून मिळणार?" त्या दिवशी मला हसू आलं नाही.

पत्र छापून आलं त्याच आठवड्यात सभापतींचा वाढदिवस होता. कार्यकर्त्यांना फ्लेक्सवर टाकायला मजकूर हवा होता. पत्रात 'दूरदृष्टी' आणि 'नेता' हे दोन शब्द दिसले, तेवढे त्यांना पुरले. पूर्ण पत्र मोठ्या अक्षरांत छापलं, वर हात जोडलेले सभापती, खाली शुभेच्छुक म्हणून अब्बांचा पासपोर्ट फोटो. चौकात जागा उरली नव्हती, म्हणून फ्लेक्स लावला पुलावर, नेमका कठडा नव्हता त्या बाजूला. बांबू रोवले, आडवे बांबू बांधले. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्या बांबूंना धरून शाळेला जायला लागली.

चार दिवस लोक ट्रॅक्टर थांबवून ते पत्र वाचत होते. पण सभापतींना सांगायला कुणी गेलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच गाडी थांबवून वाचलं आणि तडक दुकानात आले.

"टेलर, ही स्तुती हाय का चेष्टा?"

अब्बांसमोर त्यांचाच झब्बा होता, अर्धा शिवलेला. पडद्याआड अम्मी आणि मी. शाळेच्या गणवेशांचं काम सभापतींच्या शब्दावर मिळायचं, आणि आमचं वर्षाचं गणित त्या कामावर होतं. स्तुती म्हणा अब्बा, असं मी मनात घोकत होते.

अब्बांनी मशीन थांबवलं. "चेष्टा हाय, सभापती. पण पोरगं खरंच पडत हुतं. त्याची एक चप्पल कालव्यात गेली. दुसरी हितंच हाय, दाखवू का?"

सभापती तसेच मागे फिरून गाडीत जाऊन बसले. त्या क्षणी मला अब्बांचा रागही आला होता, हे कबूल करते. आज मात्र ते वाक्य आठवलं की ऊर भरून येतो.

त्या वर्षी गणवेश दुसऱ्या टेलरकडे गेले. कार्यकर्ते फ्लेक्स काढायला आले, तेव्हा अम्मी बांबू धरून उभी राहिली. "कापड न्या तुमचं. बांबू ऱ्हाऊ द्या." बघता बघता गल्लीतल्या सगळ्या बाया तिच्या शेजारी. कार्यकर्ते नुसतं कापड गुंडाळून गेले. अब्बांनी झब्बा पुरा केला, इस्त्री करून सभापतींच्या घरी पोचवला.

पंधरा दिवसांत पुलाला लोखंडी कठडा बसला. अब्बांनी मला वही काढायला लावली. "कठडा झाला. चांगला झाला. सभापतींचे मनापासून आभार." मशीन तीनदाच थांबलं.

"पुढं?" मी विचारलं.

"एवढंच. चांगल्याला चांगलं म्हणायला किती लिवायचं?"

पत्र छापून आलं आणि सगळं गाव पुलावर. यात काहीतरी खोच असणारच, म्हणून कुणी कठडा हलवून बघतंय, कुणी वाकून जोड तपासतंय. दुसऱ्या दिवशी खुद्द सभापती वेल्डर घेऊन हजर. अंगात तोच झब्बा. तेही कठड्याभोवती फिरले, वाकले, वरच्या दांडीखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. "टेलरला हेच खटकलं असंल. हितं आजून एक दांडी टाक."

अब्बा दुकानातून धावत गेले. "अवो, खरंच चांगला झालाय कठडा! मी मनापासनं लिवलंय."

"तुमचं मनापासनं आता आमाला चांगलं कळतंय," सभापती म्हणाले आणि वेल्डरला हात केला.

ती दांडी बसली. अब्बा तिच्याकडे बघत उभे होते आणि पहिल्यांदाच मी त्यांना स्वतःच्या पत्रावर हसताना पाहिलं.

हल्ली मी माहेरी आले की माझी मुलगी त्या पुलावरून अब्बांच्या दुकानाकडे पळते. पहिलीतच आहे. वरच्या दांडीला तिचा हात पोचत नाही. ती खालची धरते.