चारोळीतली मरळ

पडदा सरकतो. कुडवा गावातलं एक स्वयंपाकघर. डावीकडे गॅस, उजवीकडे दारात वेताच्या मोढ्यावर बसलेली म्हातारी सासू रुख्माबाई, आणि मधोमध, सगळा उजेड जिच्यावर पडलाय ती शामकला, मरळ माशाचे तुकडे हळद-मीठ लावून ताटात मांडत असलेली. आतल्या खोलीतून खाट करकरते. तिथं शामकलाचे यजमान केशोराव भिंतीकडे तोंड करून पडलेत.

या केशोरावांची एक जुनी कीर्ती होती. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटकाला रात्रभर बसायचं आणि पहाटे परतताना मासेमार ढिवराकडून जिवंत मरळ घेऊन यायचं. शामकला झोपेतून उठून पाटा मांडायची. त्या रश्शाच्या तिखटानं गल्लीतली माणसं शिंकायची, आणि केशोराव डोळे पुसत म्हणायचे, "याले म्हंतेत मासा!"

पण तीस वर्षांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं तोंड आवळून टाकलं. आता जेमतेम दोन बोटं मावतील एवढंच उघडत होतं, आणि मिरचीचा कण लागला तरी आग व्हायची. डॉक्टरांनी खर्रा आणि तिखट दोन्ही बंद केलं. केशोरावांनी जेवणच बंद केलं. पेज दिली की, "मी का बाळंतीण आहो?" म्हणून वाटी सरकवायचे. सदरा खांद्यावरून घसरू लागला होता. शामकला सदऱ्याला आतून टाके घालायची आणि कुणाला सांगायची नाही.

सून नूतन त्या दिवशी मोबाइल घेऊन आली. "आई, हे पाहा. ही बाई तव्यावर मासा भाजून राहिली, न वरून मलाईचा रस्सा. तिखट नावाले नाही."

दारातून रुख्माबाई कडाडली, "मासा न मलई? आंगावर कोड फुटन त्याच्या! घरात मी जित्ती आहो अजून!"

मासा-दूध एकत्र नाही, हे त्या घरात देवाच्या आणेइतकं पक्कं. शामकलालाही ते मोडायचं नव्हतं. पण मऊ, दाट, मिरचीविना चव लागेल असा रस्सा तिच्या मनात बसला तो बसलाच. तिचं माहेर चिचगडचं. जंगलातून आलेली चारोळी भाऊ दर उन्हाळ्यात पोचवायचा. सणाच्या खिरीसाठी ती जपून ठेवलेली असायची. तिनं ती भिजवली आणि पाट्यावर वाटली. वाटता वाटता गंध लोण्यासारखा झाला.

मग जवसाच्या तेलात कांदा बदामी केला. धने, जिरे, थोडं दगडफूल, एक वेलची. त्यात चारोळीचं वाटण सोडलं, तसा रस्सा सायीसारखा दाटला. दुसरीकडे लोखंडी तव्यावर मरळ. हलवायची नाही, घाई करायची नाही. कड सोनेरी झाली की आपसूक सुटते. कडक पापुद्रा तोंडाला टोचू नये म्हणून तिनं तुकडे रश्शात निजवले.

केशोराव वासानं उठून आले, पाटावर बसले. ताट पाहिलं आणि चेहरा उतरला.

"हे पांढरं काय वं?"

"चारोळी आहे, बाबा," नूतन म्हणाली.

"चारोळी कोनी माशात घालते का? मलईच आहे!" रुख्माबाईनं ताटावर झाकणच ठेवलं. "मोबाइलात मी सोता आयकलं!"

"काऊन वं," केशोराव बायकोला म्हणाले, "उपाशी मरत नाही म्हून कोडानं मारतेस?" आणि ताट सरकवलं.

त्या घरात लग्न होऊन आल्यापासून शामकला नवऱ्याआधी जेवली नव्हती. माशाचे मधले तुकडे पुरुषांचे. तिच्या वाट्याला शेपूट आणि मुंडकं. ती खाली बसली. झाकण काढलं. नवऱ्याचं ताट स्वतःपुढे ओढलं आणि मधला तुकडा मोडून तोंडात घातला.

रुख्माबाईनं पदर तोंडाला लावला.

पहिला घास तिनं दाखवण्यासाठी खाल्ला. दुसऱ्या घासाला मात्र ती थांबली. मऊ मासा, गोडसर कांदा, मागून येणारं जिरं. एवढी वर्षं शिजवत आली, पण मधला तुकडा असा लागतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिसरा घास घेताना ती समोर कोण बसलंय ते विसरली.

केशोराव पाहत राहिले. बायकोला असं खाताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांचा हात हळूच ताटाकडे आला. "कोड फुटन त दोघाइलेही फुटन. ठेव वं थोडं."

तिनं तुकड्याचा काटा काढला, लहानसा घास केला. तो त्या अरुंद तोंडातून आत गेला. केशोराव बराच वेळ चघळत राहिले. आग झाली नाही. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, मग पुन्हा. नूतन भात वाढत राहिली. रुख्माबाई पुटपुटत होती, पण मोढा जरा ताटाजवळ सरकला होता.

ताटात रस्साही उरला नाही, तेव्हा केशोरावांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "उद्या ढिवराकडे जाऊन पाहतो."

शामकला ताट उचलता उचलता म्हणाली, "मरळ आणसान त दोन आणजा. येकीत माहं भागत नाही."