आडवी न आलेली म्हैस

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. जनू गेल्याचा फोन आला, तेव्हाही रडू येण्याआधी मनात आलं, आता खरं माहीत असलेला मी एकटाच उरलो...

जनार्दन आणि मी, दोघंही पालघरजवळच्या माहीमचे. त्याचा पानमळा आमच्या घरामागे. तारापूरच्या एकाच कारखान्यात आम्ही कामाला. माझ्या मोटारसायकलवरून पालघरमार्गे जायचो. पावसापाण्यात हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरते. जनूचा त्यावर उपाय होता. अंघोळीच्या साबणाची कोरडी चिपटी काचेवर आतून हलकेच फिरवायची आणि काच आरपार दिसेपर्यंत मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायची. माझंही हेल्मेट तोच पुसायचा. "तू चालवनार, मी मागं बसनार. जीव माजा हाय," म्हणायचा.

एका दसऱ्याला मी गाडी धुतली, हेल्मेटही घासून लख्ख केलं, हळदकुंकू लावून झेंडू बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस भुरभुरत होता. जनूनं खिशातून चिपटी काढली. मी हेल्मेट मागे ओढलं. "कालच पूजा झालीय. तुझा अंगाचा साबण लावतोस त्याला?"

"बरं बाबा. वाफ पुसायला देवी येनार हाय काय?" हसत तो मागे बसला.

कुंभवलीच्या अलीकडे पुढच्या टँकरचा चिखल उडायला लागला, म्हणून मी काच खाली ओढली. दोनचार श्वासांत समोरचं सगळं पांढरं झालं. मी काच वर करायची सोडून बाहेरून हातानं पुसत राहिलो... आणि गाडी डांबर सोडून खाली गेली. मला खरचटलं. जनूचा गुडघा मोडला.

दवाखान्यात जनूच्या बायकोनं, सुमनवहिनींनी विचारलं, "भावजी, झालं काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हैस आडवी आली." जनूनं खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. मग कण्हत म्हणाला, "केवडी होती गं! हत्तीनच वाटली."

त्यानंतर ती म्हैस वाढतच गेली. लग्नात, नाक्यावर, जनू ती रंगवून सांगायचा. कधी तिची शिंगं वाकडी, कधी तिला पारडू. लोक हसायचे. मीही हसायचो. त्याला मात्र मळ्यात उकिडवं बसता येईना. वेली बांधायला माणूस लावावा लागला. तरी बरा झाल्यावर तो पुन्हा माझ्याच मागे बसला आणि बसण्याआधी माझी काच पुसली.

शेवटच्या आजारपणात मी धीर केला. "जनू, त्या दिवशी म्हैस..."

"गेली रे ती कवाच," तो म्हणाला. "आता कशाला हाका मारतो तिला?" आणि त्यानं चहा मागवला.

त्याच्या दिवसकार्याला वहिनी म्हणाल्या, "भावजी, नातवंडांना ती म्हशीची गोष्ट तुमीच सांगा आता." मी सांगितली. शिंगांसकट सांगितली. वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथे लिहितो : वहिनी, म्हैस नव्हती.

गाडी मी आता क्वचितच काढतो. तरी काचेला साबण लावतो, त्याच्यासारखाच पुसतो. परवा हेल्मेट घालून अंगणात नुसताच उभा राहिलो, काच खाली ओढली आणि म्हणालो, "जनू, चुकलं रे माझं... माफ कर." काचेवर जराही वाफ धरली नाही. समोरचा पानमळा स्वच्छ दिसत होता, आणि त्यात कोणी नव्हतं.