पाखरं लाल झाली, या

टेमघरला इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहून खाडीच्या चिखलाचा वास माणूस विसरतो. आज सकाळी कोन गावाच्या पुढे बांधावर स्कूटर लावली आणि तिवरांच्या मुळांतून तो वास आला. कुजल्या पानांचा, खारट, थोडासा शिळ्या मासळीचा. मागे गोदामांचे पत्रे उन्हाने चमकू लागले होते. गळ्यात दुर्बीण, खिशात वही, आणि समोर पाहतो तर पाणी काठोकाठ. बसायला चिखल नाही, म्हणून पाखरूही नाही. मी आपला शहाणा, मोबाइलवर वेळ बघून आलो होतो. सहाला भरती, म्हणजे आठपर्यंत पाणी उतरलेलं असणार. ती वेळ मुंबईची होती, हे पाणी पाहिल्यावर आठवलं.

काका असते तर मनसोक्त हसले असते. ते माझे नात्याने कुणी नव्हेत. याच खाडीकाठच्या गावातले, मला वडील शोभतील अशा वयाचे. त्यांच्या शेतावर गोदाम उभं राहिलं तेव्हापासून हातांना काम उरलं नव्हतं, म्हणून रोज बांधावर येऊन बसायचे. मी पुस्तक उघडून एका पाखराचं नाव शोधत असताना आमची ओळख झाली. भरतीसाठी त्यांना मोबाइल बघावा लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आज अष्टमी म्हणजे सहा. त्यात आपल्या खाडीचा दीड तास मिळवायचा, हा त्यांचा हिशेब. तो दीड तास कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मुंबयचा पानी हिकडं चालत येतं, मास्तर. त्याला बी वेल लागतं."

तो वेळ मी आज एकट्याने काढला. शेजारी कुणी नसलं की दीड तास किती लांबतो!

हिवाळाभर इथे लांब चोचीची करडी पाखरं उतरतात. मी त्यांना पुस्तकातल्याप्रमाणे मळगुजा म्हणायचो. काका त्या नावाला मान डोलवायचे आणि पुन्हा पाखराच म्हणायचे. चैत्र लागला की या पाखरांच्या माना आणि छात्या कौलाच्या रंगावर येतात. रंग चढला की निघायची वेळ झाली, हे मी काकांकडून शिकलो. एखाद्या ओहोटीला ती दिसतात आणि पुढच्या ओहोटीला चिखल रिकामा असतो. म्हणून दर चैत्रात काकांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चौकशी नाही. "मास्तर, पाखरा लाल झाल्यान. या." मग आम्ही बांधावर शेंगा सोलत, फारसं न बोलता बसायचो. त्या न बोलण्याची मला इतकी सवय झाली होती की त्याला मैत्री म्हणतात हेही कधी मनात आलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी बांधावर फिरकलोच नव्हतो, तरी चैत्रात फोन आला. माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग होता. पुढच्या रविवारी येतो म्हणालो. पलीकडून "बरा" एवढंच आलं. रविवारी आलो तर पाखरं गेलेली, आणि काकाही बांधावर नाहीत. रागावले असतील, असं समजून तसाच परतलो. खरं सांगायचं तर त्यांच्या घरी जाऊन समजूत काढायचा मला कंटाळा आला.

आषाढात ते गेल्याचं कळलं. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी माझ्या हातात चहा दिला आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच मला झेपलं नाही.

"तेंचे पाय माघापासून चालत नव्हते, मास्तर. पोरांना पाखरांसाठी कोन सांगल? तुमचे गाडीवर बसून जायाचा व्हता. टोपी घालूनच फोन केलता."

मी मराठीचा शिक्षक. एकेका शब्दाला किती अर्थ असतात, हे मुलांना समजावण्यात माझी नोकरी सरली. आणि त्या एका अक्षराच्या 'या'चा मला एकच अर्थ ठाऊक होता. दरवर्षी ते बोलावत होते. त्या वर्षी ते मला न्या म्हणत होते.

साडेनऊच्या सुमारास पाणी उतरलं. आधी काळा चिखल चमकला, मग पलीकडच्या वळणावरून थवा आला आणि ओळीने चोची खुपसून खाऊ लागला. सगळी लाल. वहीत आकडा लिहायला घेतला आणि तसाच राहिलो. ही उद्या नसतील, हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. मोबाइल काढला, नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. काकांचा नंबर अजून आहे.

बांध चढताना हल्ली माझाही गुडघा धरतो. कधीतरी मीही घरात बसून कुणाला तरी फोन करीन, आणि न्या म्हणायची लाज वाटून या म्हणेन. स्कूटर सुरू केली. मागच्या सीटवर हात टेकवून पाहिला, ती उन्हाने तापली होती.