टेपखालचा नंबर

सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायचं, दिवसभर अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावायचे आणि संध्याकाळी परत यायचं, अशी माझी चार वर्षं गेली. बघत काय होते, तर बकऱ्यांचा गाभ पाडणारा एकपेशीय परजीवी. घरच्यांना वाटायचं, मी जनावरांची डॉक्टर होणार. समजावणं मी कधीच सोडून दिलं होतं.

हा जीव इतर पेशींसारखा मधोमध दुभंगत नाही. आईच्या पोटातच दोन लेकी तयार होतात आणि बाहेर पडताना तिचंच पटल पांघरून निघतात. आई उरत नाही. त्या पटलाच्या अस्तरात काही प्रथिनं रुतलेली असतात. लेकींचा सांगाडा कुठून उभा राहायचा, हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. त्यातलं एक प्रथिन काढून टाकलं की लेकी वाकड्यातिकड्या होतात, हे मला दाखवायचं होतं. माझी पीएचडी या एका वाक्यावर उभी होती.

मोजणाऱ्याने आपल्याला हवं तेच बघू नये म्हणून आमची एक रीत होती. मायक्रोस्कोपखालच्या काही काचांवर प्रथिन काढलेले जीव असायचे, काहींवर साधे, आणि दोन्हींतल्या वाकड्या लेकी मी मोजायचे. काच तयार झाली की तिच्या कडेला मी नंबर कोरायचा. मग माझी मैत्रीण त्यावर कागदी टेप चिकटवून टेपवर नवं अक्षर लिहायची आणि कोणतं अक्षर म्हणजे कोणता नंबर, ते आपल्या वहीत टिपायची. ती अकोल्याचीच, मला दोन वर्षं सीनियर. जेवायला बसलो की माझा डबा आधी तिच्यापुढे उघडायचा. माझं मोजून झालं की ती म्हणायची, "आधी तुहे आकडे सांग," आणि मग वही काढायची. निकाल इतके झकास यायचे की मी खुळ्यासारखी खूश व्हायचे.

प्रबंधात एका काचेचा फोटो हवा होता, म्हणून तिचा मूळ नंबर बघायला मी टेप सोलली. खालचा नंबर वहीशी जुळेना. दुसरी सोलली, तिसरी सोलली. जिथे माझे आकडे आमच्या म्हणण्याविरुद्ध गेले होते, नेमक्या त्याच काचांच्या नंबरांची वहीत अदलाबदल झाली होती. पेन्सिलीचं खोडलेलंही दिसत होतं. मी वही उचलून तिच्याकडे गेले.

ती चहा पीत होती. वही तिच्यासमोर ठेवली.

"चारच तं काचा होत्या," ती म्हणाली. "तुले लवकर सुटता यावं म्हणून केलं मी."

"मले न सांगता?"

तिने खरोखरच नवलाने माझ्याकडे पाहिलं. "मले वाटलं, तुले मालूम आहे. नाही तं तू दरवेळी आकडे मले आधी कावून सांगत होती?"

तिने फसवलं याचा संताप होताच. पण इतकी वर्षं एका डब्यात जेवून तिने मला यात सामील धरलं होतं, ते फार लागलं.

खरे नंबर लावून सगळं पुन्हा मांडलं. फरक होता. आम्ही मिरवला तेवढा नाही, पण होता. तिने काही करायची गरजच नव्हती. माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नव्या काचा कर, टेप लावून घे, पुन्हा मोज.

काचा आठ दिवसांत झाल्या. त्या अजून पेटीत उघड्या नंबरांनिशी पडून आहेत. स्वतःपासून नंबर लपवायला दुसऱ्याचाच हात लागतो, आणि तो कोणाचा मागावा हे माझं ठरत नाही.