मी आणलेल्या बायका

जळगाव जामोदच्या डाळ मिलच्या मालकानं माझं नाव सांगून माझ्याच गावच्या पाच बायका कामावरून काढल्या. मला विचारलं नव्हतं. फसवलं त्यानं, आणि गावात दोष माझ्यावर आला.

मी सोनाळ्याची. डाळ निवडायला लागले तेव्हा मिलमध्ये ओळखीचं कोणी नव्हतं. भांडत भांडत बायकांची मुकादम झाले. त्या वेळी मिलला बायका टिकत नसत. फाटकावर पाटी लावली की कुठून कुठून यायच्या आणि ऐन हंगामात न सांगता जायच्या. शेठ म्हणाले, "तूच आण तुह्या गावच्या. माणशी काही देतो तुले."

"पैसे नको. गावात म्हनतील, बायका इकते. उशीर झाला, एसटी गेली, तर गाडीनं घरापावतर सोडा."

शेठनं आढेवेढे घेतले. मी उठून दारापर्यंत गेले, तेव्हा कबूल झाले.

बाई आणायची म्हणजे मी आधी तिच्या सासूकडे जायचे. सुनेचा हात कसा चालतो ते कामाला बसवलं की कळतं; सासूच्या मनात काय आहे ते कळायला तिच्याकडे बसून चहा प्यावा लागतो. तिला मी सांगायचे, "मी नेतो, वाकडं काही झालं तर मले विचारजा." मग ती बाई उगाच खाडा करत नसे. एकीचं लेकरू आजारी पडलं तर तिची जाऊ बदली यायची. नवीला शिकवायला माणूस नेमावा लागत नसे, शेजारी बसलेली नणंद शिकवायची, आणि डाळीत खडा राहिला तर शेठच्या आधी तीच ओरडायची. शेठ बाहेरच्या व्यापाऱ्यांना हे कौतुकानं सांगत. मात्र मी हमी दोन्हीकडे दिली होती, मिलला बाईची आणि सासूला मिलची, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

यंदा रंग ओळखून खडा बाजूला फेकणारं मशीन आलं. बायका कमी होणार हे दिसतच होतं. शेठ मला बोलावतील, कोणाला पॅकिंगला घ्यायचं यावर मी घासाघीस करीन, अशी मनाची तयारी केली होती. मग एका सकाळी थांब्यावर पाच जणी नव्हत्या. उरलेल्या एसटीत चढल्या आणि माझ्यापासून लांब, मागं जाऊन बसल्या.

"काऊन वं, लगन हाय का कोनाचं?" मी विचारलं.

"तुले ठाऊक," एक जण म्हणाली. "कोनाले ठेवाचं, कोनाले काढाचं, तूच सांगतलं म्हनते शेठ. राती त्याचा ड्रायव्हर पाची घरी सांगून गेला."

"मी कधी सांगतलं?"

"गाडीत भांडू नको मावशी. आम्हाले बी उतरवशीन."

बाकीच्या हसल्या.

शेठ ऑफिसात चहा पीत होते. "कोनाचं तरी नाव सांगाच लागते," ते म्हणाले. "माह्यं सांगतलं असतं तर फाटकावर कल्ला झाला असता. तुह्यं आयकतात त्या. अन् तुले कुठं काढलं?"

आवाज त्यांनी खाली केला नव्हता. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं.

माझा राग सगळ्या मिलला माहीत आहे. वजनकाट्याच्या भांडणात मी एका व्यापाऱ्याची कॉलर धरली होती. शेठसमोर मात्र त्या दिवशी रागही आला नाही. पॅकिंगला जाऊन बसले आणि पिशव्या शिवत राहिले.

संध्याकाळी काढलेल्या पाच जणींतल्या एकीच्या घरी गेले. सासूनं पाणी दिलं, बस म्हणाली नाही. "नेताना चहा प्याले आली होती," ती म्हणाली. "काढताना सांगाले याचं नाही सुचलं?" मी खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि रिकामा गिलास उचलून आत गेली. बाकीच्या चार घरी मी गेले नाही.

अजून कामाला जाते. जेवताना बायका वेगळ्या बसतात. आता नवा हरभरा यायला लागला, एकट्या मशीननं भागत नाही, आणि शेठ परवा म्हणाले, "आन बरं तुह्या गावच्या."

मी उत्तर दिलेलं नाही. आधी त्यांनी द्यावं. सोनाळ्यात पाच दारं आहेत. प्रत्येक दारात उभं राहून शेठनं स्वतःच्या तोंडानं सांगावं की कामावरून मीच काढलं, या बाईला विचारलंही नव्हतं. ड्रायव्हरला पाठवून चालणार नाही.