समुद्र न पाहिलेल्यांचे निबंध

कॉलेजात मराठी शिकवायला लागून मला दोनच वर्षं झाली होती, तरी शिकवण्यापेक्षा सांगण्यासारखंच जास्त साठलं होतं! बहुतेक सगळं निबंधाच्या पेपरांतून.

आमचे हेड देशमुख सर. घरची मोठी शेतीवाडी, बोलणं ठणठणीत. निबंधाची दोन वाक्यं वाचून ते पोर कुठल्या घरचं ते सांगायचे. "हे वकिलाचं. हे धनगराचं." मार्कही त्याच हिशोबानं पडायचे! मला भयंकर राग यायचा, पण नोकरी नवी होती.

*

एकदा विषय आला, 'समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ'. औरंगाबादेत! शहरातल्या पोरांनी गाईड पाठ केलं होतं. पैठणकडच्या धनगराच्या विमलनं सरळ लिहिलं, 'समुद्र मी पाहिला नाही. गोदावरी पाहिली आहे, तिच्यावर लिहिते.' विषय सोडला म्हणून सरांनी तिला नापास केलं.

इतिहासाचे काझी सर बाकीचे पेपर चाळत होते. म्हणाले, "सूर्य एकच आहे, कबूल. पण अठ्ठावीस पेपरांत एकाच वाक्यात बुडतो?"

*

काझी सरांचं सगळं शिक्षण उर्दूतून. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर नोकरीसाठी त्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागली. निबंध झकास लिहिला, पण उर्दूच्या सवयीनं वहीच्या शेवटच्या पानापासून! तपासणाऱ्यानं पहिली पानं कोरी बघितली आणि शून्य देऊन मोकळा झाला.

"एक पान उलटलं असतं, तर माझं साल वाचलं असतं!"

*

विमल दुसऱ्यांदाही नापास झाली. वडिलांचा निरोप आला, यंदा पास नाही झाली तर मेंढरांमागं चलायचं. ती स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाली, "म्याडम, मला लिवता येतं नं?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिसऱ्या खेपेला मी धीर केला. "सर, या वेळी दोन वाक्यांवर थांबू नका." विषय होता, 'मी पार केलेली वाट'. विमलनं गाभण मेंढीला घेऊन पुरातून नदी ओलांडल्याचं लिहिलं होतं. सरांनी शेवटपर्यंत वाचलं. समोरचा चहा गार झाला. मग वर्गात सगळ्यांत जास्त मार्क त्यांनी तिलाच दिले. माझा निम्मा राग तिथंच गेला.

*

निकालाच्या दिवशी तिला न्यायला वडील आले, खांद्यावर घोंगडी. पास झाल्याचं त्यांना पटेना. देशमुख सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः उभं राहून तो निबंध वाचून दाखवला. वडील डोळे मिटून ऐकत होते.

"व्हय, असंच झालं व्हतं," ते म्हणाले. "राहू द्या तिला इथंच."

विमल हुंदके देत हसायला लागली. सरही खूश झाले. वडील मात्र खुर्चीतून उठेनात. घोंगडी मांडीवर घेऊन नीट सरसावून बसले आणि सरांना म्हणाले,

"हं. तिचं झालं. आता तुमचं वाचा!"