बारवेतली बैठक

आमचे सर गावाची बैठक बारवेत घ्यायचे. ग्रामपंचायतीत पंखा होता, खुर्च्या होत्या, पण नाही. भर दुपारी, आटलेल्या बारवेच्या तळाशी सगळ्यांना उतरवायचे. "खुर्चीवर बसलं की माणूस जमिनीपासून हातभर वर जातो. मंग पाण्याचं काय बोलणार, कप्पाळ?"

सर शाळेतून निवृत्त झालेले, बौद्धवाड्यातले. त्यांच्या आईला या बारवेच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवता येत नसे. कुणी वरून घागरीत ओतेल तेव्हा पाणी. सर हे हसत सांगायचे. मला ऐकताना लाज वाटायची.

बोलावणं सगळ्यांना. बागायतदार, खुरपायला जाणाऱ्या बाया, मेंढ्यावाला, एमआयडीसीतल्या कारखान्याचे मॅनेजर. एकदा मॅनेजरसाहेबांनी आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला, तर सरांनी बैठकच सुरू केली नाही. सगळे नुसते बसून. शेवटी साहेब आले, बूट हातात धरून उतरले.

सगळ्यांचं बोलून झालं की सर म्हणत, "आता हिचं राह्यलं." हिचं म्हणजे बारवेचं. तळाच्या चपट्या दगडाला एकाने कान लावायचा, बाकीच्यांनी गप्प राहायचं. एकाने ऐकलेलं दुसऱ्याने तपासायचं नाही, हा सरांचा नियम. दगडाखाली बारीक झरा वाजायचा. इतकी माणसं आणि एवढी शांतता, माझ्या तर अंगावर काटा यायचा.

मग माझाच विषय निघाला. बारवेला लागून माझं शेत. तिथे खोल बोअर घेऊन कारखान्याला टँकरने पाणी द्यायचं होतं. बौद्धवाड्याचा हातपंप त्याच झऱ्यावर. सर म्हणाले, "दत्ता, तूच ऐक."

मी कान लावला. झरा नव्हता तो. कुणीतरी म्हातारी घोट घोट पाणी पीत होती, मधेच थांबून दम घेत होती, अगदी माझ्या कानाशी. तरी मान वर करून म्हणालो, "काही ऐकू येत न्हाई. झरा मेलाय. बोअरनं कुणाचं काही बिघडत न्हाई."

सरांनी वहीत लिहिलं, दत्ताला ऐकू आलं नाही. बोअरचा ठराव झाला.

होळीच्या आतच हातपंप कोरडा खडखडायला लागला. मी बैठकांना जाणं सोडलं. सर अंथरुणाला खिळले तेव्हा पाण्याचा जार घेऊन गेलो. त्यांनी जारकडे पाहिलंही नाही. "खोटं बोललास, ते तवाच कळलं मला. पण बैठकीला येत जा बाबा. खोटं बोलणारा उद्या खरं बोलू शकतो. जो येतच न्हाई, त्याचं काय करावं?" मला रडू आवरेना. पंधरा दिवसांत सर गेले.

पुढची बैठक मी बोलावली. सगळे उतरले, मॅनेजरही. मी सांगून टाकलं, "त्या दिवशी मला ऐकू आल्तं. बोअर बंद करतो." कुणी शिवी दिली नाही, दिली असती तर बरं वाटलं असतं. हातपंपाशेजारची सखूमावशी एवढंच म्हणाली, "मंग आज इचार तिला."

मी कान लावला. कितीतरी वेळ. खरोखरच काही ऐकू येत नव्हतं, पण हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी बाजूला सरकलो. सरांचा नियम मोडून मावशी वाकली, डोळे मिटून ऐकत राहिली.

"हळू बोला," ती म्हणाली. "कुणीतरी पाणी पितंय."

मी त्या दिवशी काय ऐकलं होतं, ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं.